डोक्याभोवती फिरणारं एक्स-रे मशीन: ओपीजी, सीबीसीटी आणि सीटी स्कॅनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे आणि दोडामार्ग-सावंतवाडीहून बांबोळीला येणारे लोक पुन्हा पुन्हा जे प्रश्न पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी पेशंटांचे, शेवटी दवाखाना चालवणाऱ्यांचे. फोटो काढायचा की नाही हे तुमचे डॉक्टर ठरवतील. तो पहिल्याच वेळी नीट निघावा आणि गरजेपुरताच निघावा, यासाठी ही माहिती.

१. ओपीजी, सीबीसीटी आणि सीटी स्कॅन, तिन्हींत मशीन फिरतंच. मग फरक काय?

ओपीजी म्हणजे सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे. त्यात तुम्ही उभे राहता. किरणं सोडणारी ट्यूब डोक्यामागून आणि सेन्सर चेहऱ्यापुढून फिरतो. साधारण १२ ते १८ सेकंदांत दोन्ही जबडे, सगळे दात आणि कानाजवळचे जबड्याचे सांधे एका सपाट फोटोत येतात. हाडाची जाडी मात्र त्यात कळत नाही.

सीबीसीटीत किरणं शंकूसारखी पसरतात. मशीन अर्धी किंवा पूर्ण फेरी मारतं, तेवढ्यात शेकडो फोटो घेतं आणि कॉम्प्युटर त्यांतून त्रिमितीय चित्र रचतो. दात आणि हाड यांच्यासाठी हे उत्तम, पण सूज, स्नायू, गाठ अशा मऊ भागांसाठी नाही.

सीटी स्कॅनमध्ये तुम्ही टेबलावर आडवे असता. मोठ्या कड्याच्या आत ट्यूब सेकंदाला दोन-तीन फेऱ्या मारते आणि टेबल हळूहळू आत सरकतं. मेंदू, फुप्फुसं, पोट, रक्तवाहिन्या यांच्यासाठी हाच लागतो.

२. मशीन फिरवावंच का लागतं? एका जागेवरून फोटो का नाही काढत?

साध्या एक्स-रेत पुढची-मागची सगळी हाडं एकावर एक पडतात. जबडा वक्र असल्यामुळे तर डाव्या दाढांवर उजव्या दाढा येतात. ट्यूब आणि सेन्सर विरुद्ध दिशांना ठराविक वेगाने फिरवले, की मधला एक वक्र पट्टा तेवढा स्पष्ट उमटतो आणि बाकीचं धूसर होऊन जातं. फिनलंडच्या यर्यो पातेरो यांनी १९४०-५० च्या दशकांत ही पद्धत दातांसाठी बसवली. सीटीचं तत्त्व वेगळं आहे. तिथे अनेक कोनांतून मोजमाप घेऊन प्रत्येक बिंदूची घनता गणिताने काढतात. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या मशीनवर पहिल्या पेशंटचा स्कॅन १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये झाला. १९७९ चं नोबेल त्यांना आणि ॲलन कॉरमॅक यांना मिळालं.

३. ओपीजीला येताना उपाशी यायचं का? अंगावरचं काय काय काढायचं?

उपाशी यायची गरज नाही. जेवून, दात घासून या.

मानेच्या वरचा सगळा धातू काढायचा: कुड्या, नाकातली चमकी, मंगळसूत्र, गळ्यातली चेन, चष्मा, कानातलं श्रवणयंत्र, काढता येणारी कवळी. केसांतल्या पिना हमखास विसरतात. अंबाड्यावर अबोलीची फाती माळली असेल तर फुलांनी काही बिघडत नाही, पण ती अडकवलेली पिन फोटोत येते. किरणं मागून येतात, म्हणून मागच्या पिनेची मोठी, धूसर, पांढरी सावली थेट पुढच्या दातांवर पडते. डाव्या कानातली कुडी राहिली तर ती डाव्या बाजूला स्पष्ट दिसतेच, शिवाय उजव्या बाजूला जराशी वर तिची फुगलेली भुताटकी सावली उमटते. नेमकी तिथेच वरच्या दाढांची मुळं असली तर फोटो वाया जातो.

चमकी निघतच नसेल तर ओढाताण करू नका. तंत्रज्ञाला सांगा, तो तशी नोंद करील.

४. मशीनमध्ये उभं राहिल्यावर नेमकं काय करायचं?

पाय जवळ घेऊन एक पाऊल पुढे टाका, दांडे धरा आणि मान मागून ताठ ठेवा. पुढचे वरचे-खालचे दात प्लास्टिकच्या काडीवरच्या खाचेत टेकवा. लेझरच्या रेषा चेहऱ्यावर येतील. एक नाकाच्या मधोमध, एक डोळ्याच्या खालच्या कडेपासून कानापर्यंत जमिनीला समांतर, एक सुळ्यावर. त्या जुळेपर्यंत तंत्रज्ञ डोकं हलवील, तेवढं हलू द्या. मग ओठ मिटा, आवंढा गिळा आणि जीभ पूर्ण टाळूला चिकटवून तिथेच धरून ठेवा. मशीन खांद्याजवळून गेलं तरी नजर वळवू नका.

जिभेचं सगळ्यांत महत्त्वाचं आहे आणि तेच सगळ्यांत जास्त चुकतं.

५. "परत काढावा लागेल" असं सांगितलं. चूक मशीनची होती का?

बहुतेक वेळा उभं राहण्याची किंवा उभं करण्याची. फोटो पाहून कारण ओळखता येतं, म्हणून परत काढण्याआधी काय चुकलं ते विचारा. तुमचा तो हक्कच आहे.

जीभ खाली राहिली तर वरच्या दातांच्या मुळांवर काळा पट्टा येतो आणि मुळाच्या टोकाचा पू त्यात लपतो. हनुवटी खाली गेली तर दातांची ओळ खूप हसल्यासारखी वाकते आणि खालचे पुढचे दात अस्पष्ट होतात. हनुवटी वर गेली तर ओळ सपाट होते आणि टाळूचं हाड वरच्या मुळांवर येतं. दात खाचेच्या पुढे आले तर समोरचे दात अरुंद दिसतात, मागे राहिले तर रुंद आणि पुसट. डोकं एका बाजूला वळलं तर एका बाजूच्या दाढा जाड दिसतात आणि दुसऱ्या बाजूच्या बारीक. पाठीत पोक काढून उभं राहिलं तर मणक्याची पांढरी सावली फोटोच्या मधोमध उभी राहते. मध्येच हललात तर जबड्याची खालची कड तेवढ्याच जागी लाटेसारखी दिसते, बाकी फोटो ठीक असतो.

ज्या भागाचा प्रश्न आहे तो स्पष्ट असेल, तर कोपऱ्यातल्या चुकीसाठी पुन्हा किरणं घ्यायची नाहीत. अक्कलदाढेसाठी काढलेल्या फोटोत समोरचे दात जरा रुंद आले म्हणून काही अडत नाही.

६. रेडिएशन किती मिळतं? घाबरण्यासारखं आहे का?

निसर्गातूनच माणसाला वर्षाला जगाच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट (डोस मोजायचं एकक; त्याचा हजारावा भाग म्हणजे मायक्रोसिव्हर्ट), म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसिव्हर्टच्या आसपास मिळतं. ओपीजीचा डोस साधारण १० ते २५ मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे दोन-चार दिवसांचा. सीबीसीटीत अंतर मोठं आहे. दोन-तीन दातांपुरता लहान स्कॅन २० मायक्रोसिव्हर्टच्या आसपासही होतो, तर पूर्ण चेहऱ्याचा, जास्त बारकाईचा स्कॅन काही शेकड्यांत जातो. डोक्याचा सीटी सुमारे २ मिलिसिव्हर्ट, पोटाचा ८ ते १०.

एका ओपीजीने घाबरू नका. पण "एवढंसं तर आहे" म्हणून दर सहा महिन्यांनी नेमाने काढायचंही कारण नाही. प्रत्येक फोटोमागे डॉक्टरांचा एखादा ठोस प्रश्न असला पाहिजे.

७. मला शिशाचा एप्रन दिला नाही, गळ्याला पट्टाही बांधला नाही. हा निष्काळजीपणा नाही का?

ओपीजीत गळ्याचा पट्टा बांधायचाच नसतो. किरणं मागून थोडी खालून वर येतात. पट्टा त्यांच्या वाटेत येतो, खालच्या जबड्यावर पांढरा डाग पडतो आणि फोटो दुसऱ्यांदा काढावा लागतो. म्हणजे संरक्षणापायी डोस दुप्पट. पोटावर एप्रन घातला तरी प्रत्यक्षात फारसा फरक पडत नाही, कारण तिथवर पोहोचणारी किरणं मुळातच नगण्य आहेत. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये दातांच्या एक्स-रेसाठी एप्रन आणि पट्टा सरसकट वापरणं थांबवण्याची शिफारस केली. खरं संरक्षण होतं ते किरणांचा झोत लागेल तेवढ्याच भागावर आवरण्यात आणि फोटो एकदाच काढण्यात. एप्रनशिवाय मन धजत नसेल तर मागा. तो पाठीवरून, मान मोकळी राहील असा घालतात.

८. मी गरोदर आहे आणि दाढ सुजली आहे. फोटो काढू का?

दाताच्या फोटोत गर्भापर्यंत जवळपास काहीच पोहोचत नाही. उलट जंतुसंसर्ग तसाच ठेवणं जास्त धोक्याचं. मात्र आधी सांगा, म्हणजे ओपीजीऐवजी एका दाताच्या लहान फोटोवर भागतं का हे डॉक्टर बघतील. पोटाच्या आणि ओटीपोटाच्या सीटीचं गणित पूर्ण वेगळं आहे, कारण तिथे गर्भ थेट झोतात येतो. पाळी चुकली असेल तर टेबलावर चढण्यापूर्वीच बोला.

९. मुलाचे दुधाचे दात किडलेत. त्याचा ओपीजी काढू का?

नुसत्या किडीसाठी नको. दोन दातांमधली लहान कीड ओपीजीत नीट दिसतच नाही, तिच्यासाठी तोंडात सेन्सर ठेवून काढलेला छोटा फोटो कितीतरी चांगला. कायमचे दात यायला उशीर झाला, एखादा दात वाट चुकला, तारा बसवायच्या आहेत किंवा जबड्याला मार लागला, अशा वेळी ओपीजी. तेव्हा मशीन लहान मुलांच्या सेटिंगवर आहे ना, हे विचारा. त्यात किरणं कमी आणि फेरी छोटी असते. मूल पंधरा सेकंद स्थिर राहत नसेल तर आधी मशीन नुसतंच, किरणांशिवाय, एकदा फिरवून दाखवायला सांगा. बहुतेक मशीनांत तशी सोय असते.

१०. इम्प्लांटसाठी ओपीजी आहे, तरी डॉक्टर सीबीसीटी मागतात. का?

ओपीजीत सगळं २० ते ३० टक्के मोठं दिसतं, तेही सगळीकडे सारखं नाही. खालच्या जबड्यातून ओठ-हनुवटीची संवेदना नेणारी नस जाते. तिच्या आणि इम्प्लांटच्या टोकामध्ये निदान २ मिलिमीटर अंतर सोडतात. एवढा हिशेब वाढलेल्या फोटोवर कसा करायचा? शिवाय गालाकडून जिभेकडे हाड किती रुंद आहे हे ओपीजीत दिसतच नाही, आणि इम्प्लांट बसतं की हाडाबाहेर डोकावतं हे त्यावरच ठरतं.

अक्कलदाढेचं उलट आहे. तिच्यासाठी बहुधा ओपीजी पुरतो. दाढेचं मूळ नसेच्या वाटेवर येऊन तिथे काळसर झालं असेल, नसेच्या पांढऱ्या कडा तुटल्या असतील किंवा नस वळलेली दिसत असेल, तरच पुढे सीबीसीटी.

११. काढायचाच तर पूर्ण चेहऱ्याचा सीबीसीटी काढून ठेवला तर बरं नाही का?

नाही. डोस वाढतो (प्रश्न ६ पाहा) आणि बारकावा बहुधा कमी होतो. मुळाचा जादा कालवा शोधायला ५×५ सेंटिमीटरचा भाग आणि ०.०७५ ते ०.१ मिलिमीटरचे कण (त्रिमितीय चित्र ज्यांचं बनतं ते बारीक ठोकळे, व्हॉक्सेल) घेतात. एका जबड्याच्या इम्प्लांटला ८×८ च्या आसपास आणि ०.२ पुरे. पूर्ण चेहरा घेतला तर कण ०.३-०.४ पर्यंत जातात, आणि ज्या मुळासाठी आलात तेच पुसट होतं. जेवढा भाग घेतला तेवढ्या सगळ्याचा रिपोर्ट लिहायला हवा, हीसुद्धा जबाबदारी येते. चिठ्ठीवर दाताचा क्रमांक आणि कारण लिहून आणा. "सीबीसीटी" एवढाच शब्द असलेली चिठ्ठी अपुरी आहे.

१२. रूट कॅनाल झालेल्या दाताला चीर आहे का, हे सीबीसीटीत नक्की कळेल?

नक्की असं नाही. धातूची कॅप, पोस्ट, मुळात भरलेलं साहित्य यांच्यामुळे आजूबाजूला पांढऱ्या-काळ्या रेघा उमटतात. त्यातली काळी रेघ हुबेहूब चिरेसारखी दिसते, आणि खरी केसाएवढी चीर कणाच्या मापाहून बारीक असली तर निसटून जाते. मुळाला लागून हाड खाली खोल झिजलेलं दिसणं हा जास्त भरवशाचा पुरावा. नुसत्या रेघेवर दात काढायचा निर्णय घेऊ नये.

१३. सीबीसीटीच्या रिपोर्टमध्ये हाडाची घनता हाउन्सफील्डमध्ये दिली आहे. खरी मानायची का?

हाउन्सफील्ड एकक सीटीसाठी आहे: पाणी ०, हवा उणे १०००. सीबीसीटीत विखुरलेली किरणं जास्त असतात, म्हणून तेच हाड मशीन बदललं, भाग लहान-मोठा घेतला किंवा डोकं जरा सरकलं की वेगळा आकडा दाखवतं. तुलनेपुरतं ठीक, पण त्या आकड्यावर हाड मजबूत किंवा कच्चं ठरवू नका.

१४. आजीचे हात-मान थरथरते, ती उभीही राहू शकत नाही. काय करायचं?

ओपीजीचा खांब बहुतेक मशीनांत व्हीलचेअरच्या उंचीपर्यंत खाली येतो. अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, आणि खुर्चीची पाठ उंच असेल तर तेही सांगा, कारण ती मशीनच्या हाताला आडवी येते.

मान थरथरत असेल तर सीबीसीटीचे दहा-वीस सेकंदही जड जातात. अशा वेळी कमी डोसवर ठेवलेला साधा सीटी बरा. चेहऱ्याचा भाग काही सेकंदांत उरकतो आणि आडवं झोपल्याने डोकं टेकलेलं राहतं. इथे सीटीचा डोस थोडा जास्त असला तरी फसलेल्या दोन सीबीसीटींपेक्षा तो परवडतो.

१५. मासळीची ॲलर्जी आहे. सीटीत आयोडीनचं इंजेक्शन चालेल का?

हो. सुंगटं, कुर्ल्या, तिसऱ्या खाऊन अंगावर गांधी उठतात त्या त्यांच्यातल्या प्रथिनांमुळे, आयोडीनमुळे नाही. ही ॲलर्जी सांगा जरूर, पण तेवढ्यावरून स्कॅन रद्द करायचं कारण नाही. महत्त्वाचं हे: पूर्वी अशाच इंजेक्शनने त्रास झाला होता का, तीव्र दमा आहे का, मूत्रपिंडाचा आजार आहे का.

क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट बरोबर आणा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल आणि मूत्रपिंडाचं काम खूप कमी झालेलं असेल (ईजीएफआर ३० च्या खाली), तर गोळी इंजेक्शनच्या वेळी थांबवतात आणि ४८ तासांनी तपासणी करून पुन्हा सुरू करतात. मूत्रपिंडं ठीक असतील तर सहसा थांबवावी लागत नाही. स्वतःच्या मनाने बंद करू नका. औषध आत जाताना सर्वांगात ऊब येते, लघवी झाल्यासारखं वाटतं. हे अपेक्षित आहे, मिनिटभरात जातं. सुई टोचली तिथे आग होऊ लागली, घसा आवळला किंवा खाज सुटली तर लगेच ओरडून सांगा. खोलीत माइक चालू असतो.

१६. पेसमेकर आहे, पायात रॉड आहे. चालेल?

चालेल. चुंबक एमआरआयमध्ये असतो, इथे नाही. फक्त आधी सांगा.

१७. फिल्म मिळाली, पुरे का? दुसऱ्या डॉक्टरनी परत स्कॅन सांगितला आहे.

त्रिमितीय स्कॅनची फिल्म म्हणजे निवडलेली काही चित्रं. मूळ डायकॉम फाइल सीडीवर, पेनड्राइव्हवर किंवा लिंकने मागून घ्या. ती असली की म्हापशाला काढलेला स्कॅन मडगावला किंवा बांबोळीच्या दंत महाविद्यालयात पुन्हा मापं घेऊन वाचता येतो आणि दुसरा स्कॅन बहुधा टळतो. मोबाइलने फिल्मचा काढलेला फोटो मोजमापासाठी निरुपयोगी. परत काढायला सांगितलं तर एवढंच विचारा: जुन्या स्कॅनमध्ये काय दिसत नाही?

१८. दवाखान्यात ओपीजी-सीबीसीटी बसवायचं आहे. जुन्या घराच्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती चालतील का?

आधी परवाना. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवर दवाखान्याची नोंदणी करायची आणि मंडळाने मान्यता दिलेलं मॉडेलच घ्यायचं. बसवल्यावर गुणवत्ता चाचणी आणि खोलीचं रेडिएशन सर्वेक्षण, मग चालवण्याचा परवाना. चाचणी पुढे दर दोन वर्षांनी. काम करणाऱ्यांना टीएलडी बॅज (अंगावर लावायचा डोस मोजणारा बिल्ला) हवा. त्यांच्यासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षी ३० च्या वर नाही. शेजारच्या खोलीत बसलेल्यांसाठी वर्षाला १.

आता भिंत. साधारण २३ सेंटिमीटर विटांची भिंत हा नेहमीचा हिशेब. चिऱ्याची भिंत तेवढी जाड असतेच, पण चिरा सच्छिद्र आणि सांधे अनेकदा पोकळ. दोन्ही बाजूंनी सिमेंटचं प्लास्टर करा आणि सांधे भरून घ्या. कच्चे दुवे असतात दार, खिडकी आणि वायरींसाठी पाडलेली भोकं. साध्या लाकडी दाराने किरणं अडत नाहीत, त्याला शिशाचा पत्रा हवा. भिंत पुरेशी आहे की नाही हे शेवटी मीटरच सांगतो, म्हणून रंगकामाच्या आधी मोजून घ्या.

१९. पावसाळ्यात मशीन सकाळी सुरूच होत नाही किंवा चित्रात कडी दिसतात. काय बिघडतं?

बहुतेक वेळा ओल. रात्री एसी बंद केला, की खोलीतली दमट हवा थंड भागांवर पाणी होऊन बसते. हाय व्होल्टेजच्या जोडांवर ओल आली की मशीन एरर दाखवून थांबतं. जून ते सप्टेंबर डिह्युमिडिफायर रात्रभर चालू ठेवा, आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली आणि तापमान २०-२४ अंशांत राहील असं बघा. खोलीत भिंतीवर आर्द्रतामापक हवाच. किनाऱ्यालगत खाऱ्या वाऱ्याने एसीचं बाहेरचं युनिट लवकर गंजतं, आणि ते बंद पडल्याचं कळतं ते मशीन थांबल्यावर. त्याचीही नियमित धुलाई करून घ्या.

चित्रातली गोल कडी वेगळी. मशीन फिरत असताना सेन्सरचा एखादा ठिपका सतत चुकीचा आकडा देत असेल, तर त्याची चूक वर्तुळ होऊन उमटते. सीटीत रोज सकाळी ट्यूब तापवून हवेचं कॅलिब्रेशन करतात, पाण्याच्या फँटमचा (पाणी भरलेल्या चाचणीच्या डब्याचा) आकडा ० च्या आसपास येतो का ते बघतात. हे चुकवलं की कडी येतात. कॅलिब्रेशन करूनही राहिली तर डिटेक्टर, आणि मग इंजिनिअर.

वीज गेल्यावर कॉम्प्युटर धडकन बंद झाला तर चालू स्कॅन हातचा जातो आणि पेशंटला दुसऱ्यांदा किरणं घ्यावी लागतात, म्हणून निदान कॉम्प्युटरला ऑनलाइन यूपीएस. अर्थिंग एप्रिल-मेमध्ये तपासा. उन्हाळ्यात जांभ्याची जमीन कोरडी पडली की तिचा रोध वाढतो, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहायचं. पहिल्या वळवाच्या विजा चमकू लागण्यापूर्वी हे झालेलं असावं.